गणपतीक पैसे कोण देतलो?

*ताई, मी २७ वर्षांची. गाव कुडाळ तालुक्यात, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दोन वर्षांपूर्वी सामाजिक नवोपक्रमावरचा एक ऑनलाइन कोर्स केला आणि तेव्हापासून ऑफिसात मन लागत नाही. आमच्या वाडीतल्या बायका आमसुलं करतात आणि व्यापारी ती पडत्या भावाने नेतो. शहरातल्या गिऱ्हाइकाने थेट ऑर्डर द्यावी म्हणून मी एक ॲप केलं. मे महिन्यात १४ जणींना शिकवलं. जुलैत बघते तर एकीनेही उघडलेलं नाही, माल नेहमीच्या व्यापाऱ्याकडेच गेला. एक काकी म्हणाल्या, "मोबाईल घोवाकडे (नवऱ्याकडे) आसता. आणि गणपतीक दोन-तीन हजार उचल तुझा ॲप देतला काय?" सगळ्या हसल्या. मला रडू आलं. तरी हेच काम करायचं आहे. राजीनामा देऊ का? बाबा म्हणतात, समाजसेवा पेन्शन सुरू झाल्यावर. आजोबांची गिरणी १९८२ च्या संपात गेली, तेव्हापासून आमच्या घरात पगार म्हणजे देव. घराच्या कर्जाचा अर्धा हप्ता मी भरते. स्थळंही बघताहेत. सोबत आमच्या आमसुलांचं पाकीट पाठवते आहे.*
*– अधांतरी*

अधांतरी बाय,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य काकींचं आहे, आणि तू 'सगळ्या हसल्या' म्हणून त्याच्यावरून पुढे निघून गेलीस. मी तिथेच अडकले.

वाडीतलं वर्ष तुला माझ्याहून चांगलं ठाऊक. लावणी झाली की हातातला पैसा संपतो. पोरांची फी, वह्या, छत्र्या आधीच झालेल्या. श्रावण कसाबसा ढकलायचा आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी येणार, घर भरणार, भजनाची मंडळी येणार, त्यांना उसळ-पाव तरी द्यायला हवा. त्या दिवसांत दारात येऊन, कागद न मागता, दोन-तीन हजार हातावर ठेवणारा माणूस एकच. तो बदल्यात काय घेतो? पुढच्या मे महिन्यातली आमसुलं, त्याच्या भावाने. म्हणजे तू ॲप घेऊन गेलीस तेव्हा माल विकायचा राहिलेलाच नव्हता. तो मागच्याच गणपतीत विकला गेला होता. तुला जो पडता भाव दिसतो, त्यात त्याचं व्याज आहे. तुझं ॲप व्यापाऱ्याशी भावावर भांडत होतं, आणि व्यापारी मुळात सावकारी करतो.

हे असं फक्त तुझ्या वाडीत आहे असं समजू नकोस. बांगलादेशात १९७६ साली मुहम्मद युनूस हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक विद्यापीठाशेजारच्या जोब्रा गावात फिरत होते. बांबूचे मोडे, म्हणजे बसायची स्टुलं, विणणाऱ्या बायका त्यांना भेटल्या. बांबूला पैसे व्यापारी द्यायचा आणि मोडे त्यालाच, त्याच्याच भावाने घालायचे. त्यांनी गावातल्या अशा लोकांची यादी केली. ४२ जण निघाले आणि सगळ्यांचं मिळून देणं होतं फक्त २७ डॉलर. तेवढे त्यांनी खिशातून दिले. ग्रामीण बँक उभी राहायला १९८३ उजाडलं. मधली सात वर्षं लोक सांगत नाहीत, गोष्ट लांबते म्हणून. आणि यादी केली त्या दिवशी युनूस यांच्या खिशात प्राध्यापकाचा पगार होता, हेही राहून जातं.

आता माझी फजिती ऐक. तरुणपणी आम्ही चार जणी निर्धूर चुली घेऊन दापोलीकडच्या एका गावात गेलो होतो. धुराने बायकांचे डोळे जातात, फुप्फुसं खराब होतात, सगळं खरं होतं. उन्हाळ्यात बावीस चुली बसवल्या, हळदीकुंकू लावून फोटो काढले. ऑगस्टमध्ये गेलो तर एकोणीस फोडलेल्या. मी संतापले. एका म्हातारीने मला हाताला धरून आत नेलं आणि वर बघ म्हणाली. चुलीवर टांगलेल्या फळीवर ओली लाकडं, सुकी मासळी, बियाण्याची कणसं. चार महिने ऊन नसतं तेव्हा हे सगळं त्या धुरावरच टिकतं, आणि छपराच्या वाशांना कीडही त्यामुळेच लागत नाही. आम्ही धूर घालवला आणि त्यांचं कोठार बंद केलं. पावसाळ्यात त्या घरात एक दिवस जरी राहिलो असतो तर कळलं असतं. तू निदान माहेरची आहेस, तुला दोन महिन्यांतच कळलं. माझ्यापेक्षा बरी.

तेव्हा राजीनाम्याचं उत्तर: आत्ता नको. हप्ता चुकला की घरात रोज वाद होणार, आणि वादातून सुटायला म्हणून केलेलं काम कधी धड होत नाही.

येत्या गणपतीला मात्र दोन दिवस जास्तीची रजा काढ. लॅपटॉप पुण्यात ठेव. चौदा जणींकडे बस, दूर्वा निवडायला, मोदकाच्या पाऱ्या करायला, आणि वही भर: कोणी किती उचल घेतली, कुठल्या खर्चाला, मे महिन्यात किती किलो घातलं, भाव किती लागला. व्यापाऱ्यालाही भेट. हो, त्यालाही. तो खलनायक आहे हे गृहीत धरून जाऊ नकोस. न विकलेला माल, पहिल्याच वळवात भिजलेली आमसुलं, बुडालेली उचल, हे सगळं तोही सोसतो, आणि धंदा त्याच्याकडूनच शिकशील.

तुझेच आकडे धरले तर १४ जणींना प्रत्येकी ३,००० म्हणजे ४२,००० रुपये. एवढ्यासाठी वर्षभराचा माल अडकतो. तुझा महिन्याचा पगार याच्या आसपास असेल, म्हणून मोह होईल. स्वतःच्या खिशातून देऊ नकोस. दिलेस तर वाडीत एक सावकार वाढेल, एवढंच. हा पैसा त्यांच्या बचत गटातून उभा राहायला हवा. गट आहे का, पासबुकात किती आहेत, अंतर्गत कर्ज देतात का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तालुक्याला 'उमेद'चं, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाचं, कार्यालय असतं, तिथे विचार. उचलीचा प्रश्न सुटला की मग भाव, पाकीट, ॲप. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या शिक्क्याचा फायदा ज्याचा माल मोकळा आहे त्यालाच. पुढे दहा उत्पादक जमले तर उत्पादक कंपनीही काढता येते. तुम्ही चौदा आहात. पण ते पुढे.

यात किती वेळ जाईल? मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. कासव महोत्सव भरला २००६ मध्ये, आणि त्यानंतर पाहुणे गावातल्या घरांत मुक्कामाला येऊ लागले, घरच्या जेवणाचे पैसे गावात राहू लागले. त्याआधी पहाटे उठून वाळू तुडवायची, बस्स. तुझ्या शेजारी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, स्वतः होडी वल्हवतात. एका रविवारी जाऊन तिकीट काढून बस आणि हिशेब कसा ठेवतात ते विचार. तुझ्या कोर्सच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त मिळेल. (कोर्स वाईट असतात असं नाही. पण त्यातली माणसं उचल घेत नाहीत.)

आणि हे काम पोटापाण्याचं करायचं तर आधी दुसऱ्या कोणाच्या हाताखाली कर. स्वतःची संस्था लगेच काढणाऱ्या मुलींची पत्रं मला दरवर्षी येतात, आणि त्या सगळ्या ऑडिटखाली दबलेल्या असतात. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण'ची तरुणांसाठी शिबिरं आहेत, त्यांना नोकरी सोडावी लागत नाही. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' फेलोशिप १३ महिन्यांची, एखाद्या संस्थेबरोबर खेड्यात राहून काम करायची. वयाची अट आहे, ती बघून घे. 'टिस'मध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, सामाजिक उद्योजकतेचं एम.ए. आहे, पण पदवीची घाई नाही. मी तुझ्या जागी असते तर फेलोशिप निवडली असती, आणि मुद्दाम परक्या मुलखात. आपल्या वाडीत तू कोणाची तरी नात असतेस, बायका तुला चहा देतात आणि खरं सांगत नाहीत. काकींसारखी एखादीच. आणि कुठेही गेलीस तरी पगार किती, हे पहिल्याच भेटीत विचार. समाजकार्यात पैशाचं विचारू नये हा शिष्टाचार ज्यांना पगार द्यायचा नसतो त्यांनी पाडलेला आहे.

बाबांचं. ते तुला अडवताहेत असं तू लिहितेस. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा ते शाळकरी पोर असणार. गिरणगावातून किती बिऱ्हाडं ट्रंका घेऊन गावी परतली, आणि मनिऑर्डरवर चालणाऱ्या घरात मनिऑर्डर यायची थांबली. त्या पावसाळ्यात तुमच्या घरी उचल कोणी दिली होती, हे बाबांना विचारून बघ. वाद म्हणून नको, वहीत लिहायला म्हणून विचार. त्यानंतर फेलोशिपचं काढ, आणि ते तेरा महिने हप्ता कसा जाईल याचा कागद सोबत ने. निम्मे हप्ते आधी बाजूला टाकलेले असले तर बोलणं सोपं जाईल.

स्थळांचं तू एका ओळीत उरकलंस, मीही तसंच करते: तेरा महिने थांबायला जो तयार नाही तो कर्जाच्या हप्त्यालाही तयार नसणार.

पाकीट मिळालं. आमसुलं मऊ आहेत, रंग छान, आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे, पुट नीट बसलेत. मीठ जास्त झालंय. काकींना सांग, आणि त्या का जास्त घालतात ते आधी विचारून घे.

– ताई