शर्यत एकच, पण धाव आपापली

पत्र : ताई, मी ३८ वर्षांची, माहेर सांगलीचं. कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. यांचं वय ४४. सायकल आणि पळणं जोरात, पोहायला मात्र गेल्या वर्षी शिकले, तेही क्लबच्या २५ मीटरच्या टँकमध्ये. तीन महिन्यांनी तलावावर स्प्रिंट ट्रायथलॉन आहे, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ. दोघांची नावं यांनीच घातली. 'सगळं बरोबर करायचं, शेवटी हातात हात घालून रेघ ओलांडायची' असा हट्ट. पोहण्यातलं मी काही सुचवलं की घुश्शात. रविवारी हे पहाटे चारला मित्रांबरोबर सायकलवर जातात ते दहाला उगवतात. मुलं आणि नाश्ता माझ्याकडे, माझा सराव राहतो. सासूबाई मात्र खुशीत आहेत, मुलांना घेऊन वाटेत पाण्याच्या बाटल्या द्यायला उभ्या राहणार म्हणतात. मी थांबत थांबत यांच्याबरोबर पोहू का? नाही म्हटलं तर यांना वाईट वाटेल.
— कृष्णाकाठची

उत्तर : नाही, थांबत थांबत पोहू नका. यांना वाईट वाटेल ही भीती खरी असली, तरी नाही म्हणायला भावनेपेक्षा भक्कम कारणं आहेत.

आधी गणित मांडून बघा, कारण सायकलवाल्या नवऱ्याला आकडे पटतात. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. तुम्हाला पोहायला १६ मिनिटं लागतात आणि त्यांना २६, कपडे-बुटांची प्रत्येकी ३ मिनिटं, सायकलवर तुमचा वेग ताशी २४ आणि त्यांचा ३२ धरा. तुम्ही १९व्या मिनिटाला सायकलवर, ते २९व्या. तरीही ५९व्या मिनिटाला, सोळाव्या किलोमीटरवर, ते तुम्हाला गाठतात. म्हणजे तलावात तुम्ही पुढे, पळताना ते पुढे. कुणीच कुणासाठी थांबलं नाही, तरी वाटेत एकदा भेट होतेच. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशोब त्यांच्यासमोर ठेवा.

त्या भेटीत गप्पा मात्र मारायच्या नाहीत. हौशी स्पर्धांत बहुतेक ठिकाणी ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या मागे वारा चुकवत चालवायला, बंदी असते. जागतिक नियमांत स्प्रिंटसाठी दोन सायकलींत १० मीटर अंतर सांगितलंय. ओलांडणाऱ्याने झटकन पुढे जायचं, ओलांडलेल्याने मागे सरायचं. शेजारी-शेजारी चालवणं म्हणजे इतरांची वाट अडवणं, त्यालाही दंड. आणि ड्राफ्टिंगला परवानगी असलेल्या शर्यतीतसुद्धा बाईने पुरुषाच्या मागे किंवा पुरुषाने बाईच्या मागे लागायची मुभा नसते. 'तू माझ्या चाकामागे ये' हा बेत दोन्हीकडून बाद.

आता खरा मुद्दा. हा हट्ट प्रेमाचा असेल, पण त्यात पाण्याची भीतीही बरीच दिसते. घुश्शाचं मूळ तेच. एकट्याने तलावात उतरायचं नाही, हे बोलता येत नाही म्हणून 'बरोबर करू' येतं. पण शेजारी तुम्ही असण्याने ते सुरक्षित होत नाहीत. घाबरलेला माणूस जवळच्या माणसाला धरून खाली ओढतो, पोहणारी कितीही पट्टीची असो. तिथे वाचवायचं काम कायाकवाल्यांचं, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीतून लक्ष ठेवणाऱ्यांचं.

बायकोने नवऱ्याला पोहायला शिकवणं आणि नवऱ्याने बायकोला कार शिकवणं, दोन्हीचा शेवट एकच. तेव्हा शिकवायला टँकवरचा कोच ठेवा आणि पुढचं सगळं त्याच्या तोंडून ऐकू द्या.

२५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या आणि २९ वेळा भिंत. प्रत्येक भिंतीवर पायाने ढकलून तीन-चार मीटर फुकट मिळतात, शिवाय एक श्वास. तलावात हे शंभरेक मीटर हातानेच कापायचे असतात. म्हणून सराव असा : भिंतीच्या मीटरभर अलीकडेच वळायचं, भिंतीला आणि तळाला स्पर्श नाही. शर्यतीच्या सहा आठवडे आधी असे ७५० मीटर अर्ध्या तासात सलग जमायला हवेत. नाही जमले तर ड्युअथलॉनचा, म्हणजे पळणं-सायकल-पळण्याचा, गट आहे का ते आयोजकांना विचारा. तलाव पुढच्या वर्षीही असेल. रिलेची सोय असली तर तीही बघा. दोघांचा संघ चालत असेल तर तुम्ही पोहा, ते सायकल चालवतील आणि पळतील.

दुसरं, नजर. तलावात तळाला निळी रेघ नसते, गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. दर सहा ते आठ हातांनंतर फक्त डोळे पाण्याबाहेर काढून दिशा बघायची आणि मग मान वळवून श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं वर काढलं की पाय खाली बुडतात आणि दम लागतो. नवशिक्या नेमका इथे फसतो. बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, लाटेत दिसत नाही, त्यामुळे त्याच्या रेषेत मागे एखादी टाकी किंवा मोठं झाड आदल्या दिवशीच हेरून ठेवायचं.

तिसरं, पहिले शंभर-दीडशे मीटर. जोरात सुटलेला माणूस श्वास घेतो, पण सोडायला विसरतो. कार्बन डायऑक्साइड साठतो, छाती आवळते आणि मग घबराट. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडायचे. शर्यतीआधी परवानगी असेल तर पाच मिनिटं पाण्यात उतरून चेहरा बुडवून घ्यायचा. सुटताना सगळ्यात मागे आणि कडेला उभं राहून मनात पंधरापर्यंत मोजायचं, मगच निघायचं. दम लागला तर पाठीवर उताणं होऊन दहा श्वास. ब्रेस्टस्ट्रोकही चालतो. हात वर केला की कायाक येते. कायाक किंवा बोया धरून विसावा घेतला तरी साधारणतः बाद होत नाही, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. हा शेवटचा नियम घाबरलेल्या माणसाला फार धीर देतो, त्यामुळे कोचकडून वदवून घ्याच.

तलावातला सराव परवानगी, सोबत होडी आणि कमरेला नारिंगी फुगा असेल तरच. ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. चव्वेचाळिशीत डॉक्टरांकडून ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेणं म्हणूनच टाळू नका. हे दोघांनाही लागू.

रविवारबद्दल थोडं स्पष्ट बोलते. २० किलोमीटर सायकलच्या शर्यतीला सहा तासांची राइड लागत नाही. ती राइड मित्रांसाठी आहे, आणि मित्रांसाठी असायलाही हरकत नाही, फक्त तिला सराव म्हणू नये. एक रविवार त्यांचा, एक तुमचा, साडेपाच ते साडेआठ. सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळ तुमची, मंगळवार-गुरुवार-शनिवार त्यांची. ज्याची सकाळ नाही त्याच्याकडे मुलं आणि डबे. कागदावर लिहून फ्रिजवर लावा, तोंडी ठरलेलं टिकत नाही. तुमच्या रविवारी ४० मिनिटं सायकल आणि उतरल्या उतरल्या १५ मिनिटं पळणं, ज्याला ब्रिक म्हणतात, ते करा. पहिल्या किलोमीटरला पाय ऐकत नाहीत, तिथे मुद्दाम हळू धावायचं.

दोघांत मिळून एक पंप आणि एक ट्यूब न्यायचा बेत असेल तर तोही मोडा. तुमची सायकल हायब्रिड असेल तर टायर साधारण ३५ मिलिमीटर रुंद आणि व्हॉल्व्ह बहुधा मोटरसायकलसारखा जाड. त्यांच्या रोडबाइकचं टायर २५ किंवा २८ मिलिमीटर, व्हॉल्व्ह लांब बारीक. जाड व्हॉल्व्ह त्यांच्या रिमच्या भोकात जाणारच नाही, आणि रुंद ट्यूब अरुंद टायरमध्ये दुमडून चिमटते. प्रत्येकाकडे आपल्या मापाची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या), आपल्या व्हॉल्व्हला बसणारा पंप. बदलताना टायरच्या आतून बोट फिरवा. बाभळीचा काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. घरी एकदा दहा मिनिटांत चाक बदलून बघा. तुमचं तुम्हीच, त्यांनी नुसतं बघायचं. आणि शर्यतीत सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा, सायकल स्टँडला अडकवल्यावरच सोडायचा.

हातात हात घालून रेघ ओलांडायचं म्हणाल, तर २०१९ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिक चाचणी शर्यतीत जेस लिअरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोघी ब्रिटिश खेळाडू पहिल्या-दुसऱ्या येऊनही बाद झाल्या, कारण त्या मुद्दाम हात धरून एकत्र आल्या होत्या. गावच्या शर्यतीत इतकं कडक कुणी नसतं, तरी ब्रीफिंगमध्ये, म्हणजे शर्यतीआधी नियम सांगतात तेव्हा, विचारून घ्या. शिवाय तुमच्या वेळा पाहता कुणालातरी कुणाचीतरी वाट बघत उभं राहावं लागेल. फोटो मेडल गळ्यात पडल्यावर काढा.

सासूबाईंना मात्र लगेच सांगा. बाहेरच्या माणसाने वाटेत पाणी देणं म्हणजे बाहेरची मदत, आणि त्यापायी तुम्हाला दंड होऊ शकतो. पाणी आयोजकांच्या टेबलावरच घ्यायचं. आपली ७५० मिलीची बाटली सायकलला असतेच : ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. त्यांनी मुलांना घेऊन सायकलवरून उतरायच्या रेघेजवळ, कठड्याबाहेर, रिकाम्या हातांनी उभं राहावं. तिथे वेग कमी असतो, त्यामुळे मुलांना आई-बाबा नीट दिसतात आणि हाकही ऐकू येते.