क्षेत्र ‘अंतर्भूत’ नसतं हो!

लातूरहून एमेस्सीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय : ‘संख्याक्षेत्राची संमिश्र संख्यांमधली एम्बेडिंग्ज शोधा’ याचं ‘क्षेत्र संमिश्र संख्यांत अंतर्भूत करा’ असं भाषांतर वहीत दिलंय, ते चालेल का? (क्षेत्र म्हणजे ज्यातल्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून त्यातच राहता येतं असा संच; एम्बेडिंग म्हणजे बेरीज-गुणाकार न बिघडवता तो दुसऱ्या संचात बसवण्याची एक तऱ्हा.)

नाही चालणार. हा ‘अंतर्भूत’ ऐकून ऐकून कान किटले. अंतर्भूत म्हणजे मुळातच आत असलेलं. इथे आत बसवायचंय, आणि तेही एकाहून जास्त तऱ्हांनी. परिमेय संख्यांत २ चं घनमूळ मिसळून झालेलं क्षेत्र घ्या. क्ष³ = २ ची संमिश्र संख्यांत तीन मुळं : एक वास्तव, साधारण १.२६, उरलेली दोन एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. आपलं घनमूळ यांपैकी ज्या मुळावर न्याल ती एक एम्बेडिंग. परिमेय संख्या जागच्या हलत नाहीत. झाल्या तीन. सराफ खडा बसवतो ना, तसं. ‘बसवणी’ म्हणा की सरळ!

पण खरी गंमत ‘क्षेत्र’मध्ये आहे. संस्कृत क्ष हिंदीत ख झाला, मराठीत बहुधा श किंवा स : मक्खी–माशी, ईख–ऊस, कोख–कूस, खेत–शेत. निजामी राजवटीत वाढलेल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या कानांवर खेत आणि शेत दोन्ही पडायचे (बोलताना मात्र ‘रानात चाललो’). म्हणून ‘शेत हा क्षेत्रचा भ्रष्ट अवतार’ म्हणणाऱ्या पंडितांचा मला राग येतो. भ्रष्ट कसला? नियमानं चाललेला शब्द आहे तो. बीजगणितातला आपला अज्ञातसुद्धा क्षच, हे आपलं जाता जाता.

दुसरे पंडित म्हणतात, क्षेत्र हे इंग्रजी ‘फील्ड’चं आंधळं भाषांतर, जर्मन गणिती डेडेकिंडनं १८७१ मध्ये जर्मनमध्ये ‘क्योर्पर’ म्हटलं, म्हणजे शरीर, तेव्हा मराठीत ‘काय’ (काया या अर्थी) हवं होतं. ‘फील्ड’ १८९३ मध्ये अमेरिकन गणिती मूर यांनी रूढ केलं, हे खरं. पण या मंडळींनी गीतेचा तेरावा अध्याय उघडलेला दिसत नाही. आरंभीच आहे : इदं शरीरं कौन्तेय क्षेत्रमित्यभिधीयते. शरीरालाच क्षेत्र म्हणतात! आमच्या आपेगावच्या ज्ञानदेवांनी त्यावर ओव्यांमागून ओव्या घातल्या. जर्मन शरीर आणि इंग्रजी शेत, दोन्ही एका शब्दात बसतात. योगायोगच असेल, पण मला तो सोडवत नाही.

आणि हो, वहीतला ‘अंतर्भूत’ खोडा.