फायर-बेलीड न्यूटसाठी टाकी लावताना

तुमचा बेत असा दिसतोय: वीस लिटरची टाकी, अर्धी जमीन अर्धं पाणी, हीटर, सोबतीला दोन गोल्डफिश आणि पुढच्या आठवड्यात दोन फायर-बेलीड न्यूट, म्हणजे सरड्यासारखे दिसणारे, लालसर पोटाचे छोटे उभयचर. माझी कळकळीची विनंती आहे, न्यूट एवढ्यात आणू नका. यातलं बरंच बदलावं लागेल आणि ते टाकी रिकामी असतानाच बरं पडतं.

सगळ्यात आधी हीटर बाजूला ठेवा. न्यूट चिनी असो वा जपानी, त्याला पाणी थंडच लागतं. १६ ते २० अंश सेल्सिअस उत्तम. २४ च्या वर गेलेलं पाणी तसंच राहिलं की तो खाणं सोडतो, मग त्वचेला बुरशी धरते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि नेमकी तेव्हाच शरीराची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. न्यूट त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे त्याला हे फार जाचतं. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडलात तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकून पाणी गार करू नका, तापमान सारखं वर-खाली होतं. आणि तुमची खोली उन्हाळाभर तीस अंशांवर राहत असेल तर चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) हा प्राणी पाळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकी किमान ६० सेंटिमीटर लांबीची, साधारण ६० लिटरची घ्या. मोठे न्यूट बहुतेक वेळ पाण्यातच असतात, त्यामुळे अर्धी जमीन करून पाणी कमी करण्यात काही मिळत नाही. तरंगणारा कॉर्कचा तुकडा पुरतो. मात्र लहान पिल्लं किंवा नुकतीच प्रवास करून आलेली जनावरं पाणी टाळतात. त्यांना उथळ पाणी आणि चढायला सोपी कोरडी जागा हवी.

झाकण जाळीचं आणि घट्ट हवं. ओलं पोट काचेला चिकटवून न्यूट उभ्या काचेवर सरळ चढतो आणि फिल्टरच्या नळीसाठी सोडलेल्या फटीतून बाहेर पडतो. बाहेर गेलेला न्यूट काही तासांत सुकून मरू शकतो.

तळाला बारीक वाळू घाला किंवा तळ मोकळाच ठेवा. खडी नको, घास घेताना ती गिळली जाते आणि आतडं तुंबतं. प्रवाह मंद हवा म्हणून स्पंज फिल्टर. जावा मॉस, अनुबियास, इलोडिया या पाणवनस्पती थंड पाण्यात छान टिकतात. मादी इलोडियासारख्या वनस्पतीचं पान मागच्या पायांनी दुमडून त्यात एकेक अंडं ठेवते. हे बघायला मिळतं म्हणून तरी झाडं खरीच लावा.

आता ज्यावर घाई अजिबात चालत नाही ते: टाकी सायकल करणं, म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं. क्लोरीन काढलेलं पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा. त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात, थंड पाण्यात जास्तही. खाद्य टाकत असूनही टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकू लागले, की टाकी तयार. पाणी नितळ दिसतंय यावर जाऊ नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

गोल्डफिश वेगळेच ठेवा. ते न्यूटचे पाय, शेपटी कुरतडतात, घाण भरपूर करतात आणि न्यूटच्या त्वचेतल्या टेट्रोडोटॉक्सिनने स्वतःही मरू शकतात. त्याच विषामुळे टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवायचे, डोळ्यांना लावायचे नाहीत.

खायला गांडुळाचे तुकडे, ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या), डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव). मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. चिमट्याने गांडूळ हळूच हलवा: न्यूट जवळ येतो, मान तिरकी करून क्षणभर थबकतो आणि मग झडप घालतो. उरलेलं त्याच दिवशी काढा. दर आठवड्याला वीस टक्के पाणी बदला.

बाजारातले बरेच चिनी न्यूट जंगलातून पकडलेले असतात. शक्यतो घरी पैदास केलेले शोधा आणि नवीन जनावर महिनाभर वेगळं ठेवा. बीसॅल नावाच्या बुरशीने युरोपातले फायर सॅलॅमँडर (न्यूटचे नातलग) मोठ्या संख्येने मेले आहेत आणि ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आली असावी असं मानलं जातं. म्हणून टाकीचं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात कधीही ओतू नका आणि नको झालेला न्यूट बाहेर सोडू नका.