छोटा हाथी घेण्याआधी

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

जुना छोटा हाथी, म्हणजे टाटा एस, घेऊन वरुडचा संत्रा नागपुरात कळमन्याच्या बाजारात न्यायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. आपल्या भागात माल आहे, पण वेळेवर गाडी मिळत नाही म्हणून तोडलेला संत्रा बांधावर उन्हात पडून राहतो. त्यावर आपल्यातलाच कोणी काही करतोय याचा आनंद आहे. पण इसार देण्याआधी ही गाडी कोणासाठी बनली ते समजून घे.

आमच्या तरुणपणी लहान माल म्हणजे मॅटाडोर. बजाज टेम्पोने ती १९६९ पासून बनवली. ऐंशीच्या दशकात टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी या जपानी कंपन्या इथल्या भागीदारांसोबत उतरल्या, आणि त्यांच्यासमोर टाटांनी १९८६ मध्ये ४०७ ही मालगाडी उभी केली. ती टिकली, पण तिचा हप्ता झेपणारे थोडेच. बाकीच्यांच्या नशिबी तीनचाकी. गल्लीबोळात ती बरी, भरल्या मालानिशी हायवेवर तिचा भरवसा नाही.

मग टाटांच्या गिरीश वाघ यांच्या चमूने तीनचाकीवाल्यांनाच जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवं? चार चाकं हवीत, असं उत्तर आलं. चारचाकी असली तर गावात लग्नाला चांगलं स्थळ येईल, असंही एकाने सांगितलं. मला हे फार मोलाचं वाटतं. गाडी बनवणाऱ्याने माणसाची अब्रूही हिशेबात धरली. मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. खर्च आवरायला त्यांच्याच इंडिका कारचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन निम्मं केलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. २०१७ संपेपर्यंत वीस लाख गाड्या विकल्या गेल्या. मॅक्सिमो, दोस्त, जीतो, सुपर कॅरी या दुसऱ्या कंपन्यांच्या छोट्या मालगाड्या सगळ्या तिच्यामागून आल्या.

त्या १६ हॉर्सपॉवरवर मालाचं वजन ठरलं ७५० किलो. क्रेट बावीस किलोचा धरलास तर चौतीस क्रेट झाले. व्यापारी म्हणेल, "पन्नास टाक, वरचं भाडं देतो." गाडी ओढेलही. पण चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसतात, क्लच जळतो, आणि समोर अचानक बैल आला तर ब्रेक धरत नाही. शिवाय कायद्याने ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो. चौतीस क्रेटच्या भाड्यात डिझेल, हप्ता आणि तुझी मजुरी निघत नसेल, तर भाडं वाढवून माग किंवा मोठी गाडी बघ. क्रेट वाढवू नकोस.

चाकं बारा इंचांची आहेत. त्यामुळे हौदा खाली राहतो आणि एकटा माणूस जमिनीवर उभा राहून क्रेट आत सरकवतो, हमाली वाचते. पण तीच चाकं शेताकडच्या ओल्या पांदणीत काळ्या मातीत रुतली की ट्रॅक्टर आणल्याशिवाय सुटका नाही. आंबिया बहराचा तोडा पावसाळा सरता सरता सुरू होतो, तेव्हा पांदणी वाळलेल्या नसतात. म्हणून माल डांबरी रस्त्यापर्यंत बंडीने आणून द्यायचं, असं बागायतदाराशी आधीच बोलून ठेव.

येताना रिकामा येऊ नकोस. डिझेल दोन्हीकडचं जातं. काटोल, वरुडच्या दुकानदारांचा किराणा, ढेप, हार्डवेअर नागपुरातूनच येतं. असे दोन-तीन जण आधी पक्के कर, गाडी नंतर घे.

लायसन्सची काळजी नको. हलक्या वाहनाचं लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला चालतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. फिटनेसचं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याच्या सरकारी दाखल्याचं, मात्र बघ. आठ वर्षं झालेल्या मालगाडीला ते दर वर्षी करावं लागतं, तो खर्च किमतीतून वळता करून माग.

बघायला जाशील तेव्हा सकाळी जा, इंजिन थंड असताना, आणि स्टार्टर तूच मार. मग खाली वाकून मागच्या पाट्यांजवळ चेसीला वेल्डिंग केलंय का ते हात फिरवून बघ. तिथे जोड लागला तर ती गाडी जन्मभर जादा माल ओढत आली आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडून दे. आणि आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस.

तुझा,
काका