चालायलाही सोपे जातील असे क्लिप-इन एमटीबी शूज कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक, म्हणजे एमटीबी) आहे, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरता, आता फ्लॅट (साधं सपाट) पेडल सोडून एसपीडीवर, म्हणजे बूट अडकवायच्या क्लिप-इन पेडलवर, यायचंय, पण राइडचा बराचसा भाग सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन चालण्यात जातो. मित्राचे रेसिंगचे शूज घालून बघितलेत आणि टाचा सोलवटल्या. म्हणून विचारताय की चालायला आरामदायी असे क्लिप-इन शूज असतात का आणि असले तर कोणते.

असतात. पण 'चालायला आरामदायी' म्हणजे मऊ सोलचे, असं समजून दुकानात गेलात तर फसाल. सोल किती मऊ आहे यावर चालण्याचं सुख फार कमी अवलंबून असतं. टाच जागेवर धरून ठेवली जाते का आणि बोटांपाशी सोल वाकतो का, सगळं या दोन गोष्टींवर ठरतं. मित्राच्या शूजमध्ये तुमच्या टाचा सोलवटल्या त्याचं कारणही हेच. कार्बनचा सोल वाकत नाही. चढावर पाऊल टाकताना तुमचा पाय चवड्यातून वाकतो, बूट तसाच ताठ राहतो, आणि टाच दर पावलाला आत वर-खाली घासते. अर्धा किलोमीटर चाललात तरी फोड येणारच.

दुकानात गेलात की एक बूट हातात घ्या आणि उलटा करा. तळाला क्लीटसाठी, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्यासाठी, दोन बोल्टची जागा हवी. तीन भोकं त्रिकोणात दिसली तर तो रोड बाइकचा बूट, लगेच खाली ठेवा. त्याचं प्लॅस्टिकचं मोठं क्लीट सोलच्या बाहेर येतं आणि चहाच्या टपरीपर्यंत जातानाही बदकासारखं चालावं लागतं. दोन बोल्टवाली पद्धत शिमानोने १९९० मध्ये एसपीडी म्हणून आणली. त्यात क्लीट छोटं, धातूचं, आणि रबराच्या खाचेत बुडवलेलं. चालता यावं म्हणूनच ते आत बसवलंय. क्रँक ब्रदर्स किंवा टाइम या कंपन्यांची माउंटन पेडल घेतलीत तरी त्यांची क्लीट याच दोन बोल्टवर बसतात, त्यामुळे शूज तेच चालतात.

आता एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पुढचं टोक धरून बूट वाकवा. क्लीटच्या खाचेच्या पुढे, जिथे बोटं येतात तिथे, तो थोडा वाकला पाहिजे. मध्ये, तळपायाच्या कमानीपाशी वाकत असेल तर तो पेडलवर कामाचा नाही, तासाभरात कमान दुखायला लागेल. कुठेच वाकत नसेल तर तो रेसिंगचा. काही कडक शूजचं टोक वर उचललेलं असतं, त्यामुळे पाऊल पुढे लोळतं आणि सोल न वाकताही चालणं निभावतं. पण दगडाच्या चढावर बोटांनी पकड घ्यायची तर थोडा वाक हवाच. शिमानो आपल्या शूजसाठी कडकपणाचा आकडा देते. तुम्ही मधल्या आकड्यांमध्ये राहा.

मग दोन्ही बूट घालून दुकानाचा जिना चढा. चवड्यावर जोर देऊन, एकेक पायरी सावकाश. टाच आतून सुटत असेल तर शूज कितीही आवडले, कितीही सवलत असली, तरी परत ठेवा. 'वापरून वापरून सैल होतील, बसतील' असं दुकानदार म्हणेल. वरचं कापड सैल होतं, ते खरंय. पण टाचेचा कप आहे तसाच राहतो. लेसचे शूज असतील तर सगळ्यात वरच्या भोकातून लेसचं कडं करून बांधून बघा, टाच बरीच जखडली जाते. नंतर तोच जिना उतरा आणि बोटं पुढे आपटतायत का बघा. उतारावर चालताना पाय पुढे सरकतो, म्हणून बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवा. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि राइडला घालता तेच मोजे घालून जा. आपल्याकडे अनेकांचा पंजा पुढून रुंद असतो. लांबी बरोबर असून करंगळी दाबली जात असेल तर एक नंबर मोठा घेऊ नका, कारण मग टाच सुटते. त्याच बुटाचा रुंद साचा मिळतो का विचारा. शिमानोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो असतो.

रबराकडे नीट लक्ष द्या. रेसिंगच्या बऱ्याच शूजच्या तळाला कडक प्लॅस्टिकसारखे उंचवटे असतात. युरोपातल्या चिखलाच्या शर्यतीत ते ठीक, आपल्या काळ्या कातळावर ते काचेवर चालल्यासारखे घसरतात. बसाल्ट वापराने गुळगुळीत होतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कुठलंच रबर भरवशाचं नाही. पण कोरड्या हंगामात चांगलं रबर आणि प्लॅस्टिक यातला फरक पहिल्याच कातळावर कळतो. व्हिब्रम कंपनीच्या रबराचा सोल असलेले शूज चांगले. फाइव्ह टेनचं स्टेल्थ रबर तर प्रसिद्धच आहे, कारण ही कंपनी मुळात गिर्यारोहणाचे शूज करायची (आता ती आदिदासकडे आहे). फक्त एक खोच आहे. फार चिकट रबर क्लिपच्या शूजवर पेडलच्या बाजूंना धरून ठेवतं आणि पाय पिळून काढायला जड जातं. नवशिक्यासाठी हे त्रासदायक. तुम्ही नवेच आहात, तर मध्यम पकडीचं रबर पुरेल.

टाचेखालचे उंचवटेही बघा, विशेषतः त्यांची पुढची कड. मुरमाच्या उतारावर सायकल धरून खाली येताना हीच कड जमिनीत रुतते आणि तुम्हाला थांबवते. एआरएआय टेकडीच्या उतारावर सायकल पुढे आणि आपण मागे असे घसरत आलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. बहुतेकांच्या टाचेखाली सपाट सोल होता. कमानीखालीही थोडं रबर हवं, कारण चढ सुरू करताना क्लिप न लागता पाय पेडलवर मधोमध पडतो आणि तिथे गुळगुळीत प्लॅस्टिक असेल तर पाय सटकून पेडल थेट नडगीवर बसतं.

क्लीटची खोली हा पुढचा मुद्दा, आणि दुकानात तो कुणी सांगत नाही. क्लीट शूजबरोबर येत नाहीत, पेडलच्या डब्यात असतात. म्हणून तुमची क्लीट आणि एक सरळ पट्टी खिशात घेऊन जा. क्लीट खाचेत नुसतं ठेवा, बोल्ट लावू नका, आणि दोन्ही बाजूंच्या रबरावर पट्टी आडवी धरा. पट्टी आणि क्लीट यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. पट्टी क्लीटलाच टेकत असेल तर फरशीवर टक-टक आवाज येईल आणि कातळावर पाय धातूवर पडेल. नवीन असताना फट बारीक असेल तर सहा महिन्यांनी उरणारच नाही, कारण चालून चालून रबर झिजतं आणि क्लीट तेवढंच राहतं. उलटही होतं. रबर इतकं उंच की पेडलच्या बॉडीला घासतं आणि क्लिप लागतच नाही. तेव्हा क्लीटखाली पातळ पट्टी टाकतात किंवा रबर कटरने थोडं तासतात. शक्य असेल तर तुमचं पेडलच घेऊन जा.

पेडलचं आणि शूजचं लग्न लावूनच बघायचं असतं. नुसत्या क्लिपचं, बाजूला काही नसलेलं पेडल घेतलंत तर सगळा भार क्लीटच्या छोट्याशा जागेवर येतो, आणि बेताचा कडक सोल असेल तर चवड्याखाली आग होते. तुम्हाला चालायचंय म्हणजे सोल मध्यमच असणार. मग क्लिपच्या भोवती रुंद पट्टी असलेलं ट्रेल पेडल घ्या. बूट त्या पट्टीवर टेकतो आणि सोलच्या कडकपणाची उणीव पेडल भरून काढतं. एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला सपाट असंही पेडल मिळतं (शिमानोचं ईएच५०० त्यातलंच). तुमच्यासारख्यांना ते मी आवर्जून सुचवीन. दगडगोट्यांचा तुकडा आला की सपाट बाजू वापरा.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. शिमानोची एमई मालिका ट्रेलसाठीच आहे आणि आपल्याकडे शिमानो मिळणं सोपं आहे. एक्ससी मालिका शर्यतीची, तिकडे वळू नका. जिरोचे रंबल व्हीआर दिसायला ट्रेकिंगच्या शूजसारखे आणि चालायला खरंच छान, पण जोरकस पेडलिंगला थोडे मऊ. फाइव्ह टेनचे ट्रेलक्रॉस क्लिप-इन सायकल खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांसाठीच काढलेत. स्पेशलाइज्डच्या टूएफओ क्लिपमध्ये पायाला संरक्षण चांगलं. डेकॅथलॉनमध्ये जाऊन निदान घालून तरी बघा, जिना चढायला तिथे कुणी अडवत नाही. मॉडेलचे आकडे सारखे बदलतात, त्यामुळे नावापेक्षा वर सांगितलेल्या चाचण्या धरून चला. ऑनलाइन घ्यायचे झाले तर परत करण्याची सोय आधी वाचा, कारण युरोपियन ४२ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

लेस, वेल्क्रो की फिरकीचं डायल? चालण्यासाठी लेस सगळ्यात बऱ्या, पायाच्या आकाराप्रमाणे घट्ट-सैल करता येतात. पण टोकं खोचायला जागा असलेलेच शूज घ्या, नाहीतर लेस चेनमध्ये जाते. डायलची सोय वेगळ्याच ठिकाणी कळते. कानिफनाथला वर पोचलात, दर्शनाला शूज काढायचे, घालायचे, खाली येऊन कुणाच्या घरी चहाला बोलावलं, परत काढायचे. प्रत्येक वेळी चिखलाने माखलेल्या लेसशी झटापट करण्यापेक्षा एक फिरकी बरी. नुसते वेल्क्रोवाले मात्र टाळा. चिखल आणि गवताची कुसळं भरली की वेल्क्रो पकड सोडतं, आणि टाच परत सुटायला लागते.

वॉटरप्रूफ शूजच्या भानगडीत पडू नका. आपल्या पावसात पाणी वरून, मोज्यातून आत जातं आणि मग बाहेर यायला वाट नसते. जाळीचे, लवकर वाळणारे घ्या. घरी आलात की इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा गीझरच्या पाइपजवळ ठेवलेत तर सोलचा गोंद सुटतो.

क्लीट बसवताना एवढं पाळा. खाचेत जेवढं मागे, म्हणजे टाचेकडे, नेता येईल तेवढं न्या आणि मग लागलं तर थोडं पुढे आणा. मागे ठेवल्याने उतारावर पाय स्थिर राहतो आणि चालताना बोटांकडचा भाग मोकळा वाकतो. बोल्टला ग्रीस लावा, ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करा, आणि पहिल्या एक-दोन राइडनंतर परत तपासा. एक बोल्ट पडला तर पाय पिळल्यावर क्लीट जागच्या जागी फिरतं आणि पाय सुटत नाही, आणि हे नेमकं चढावर थांबताना लक्षात येतं. ती अ‍ॅलन की बॅगेत कायम ठेवा. बोल्टच्या खळग्यात मेणबत्तीचा थेंब सोडून ठेवलात तर माती भरत नाही आणि खडे लागून तोंड झिजत नाही. सुरुवातीला शिमानोची कुठल्याही बाजूने सुटणारी एसएच५६ क्लीट लावा. नेहमीची एसएच५१ फक्त पाय बाहेर पिळल्यावरच सुटते, ती सवय झाल्यावर.

आणि हे ऐकायला आवडणार नाही, तरी सांगतो. तुमच्या राइडमध्ये खरोखर निम्मा वेळ चालणंच असेल, आणि पावसाळ्यातही जात असाल, तर चांगले फ्लॅट पेडल आणि चिकट सोलचे शूज हाच तुमच्यासाठी बरा पर्याय आहे. क्लिपचा फायदा पेडल मारताना मिळतो, ढकलताना त्याचं ओझंच होतं. जुलैमधली काळी चिकणमाती क्लीटच्या खाचेत एकदा घट्ट बसली की बारीक काडीने उकरल्याशिवाय क्लिप लागत नाही, मग शूज कितीही महागाचे असोत. चालणं पंचवीस-तीस टक्के असेल तर मात्र एसपीडी खुशाल घ्या.

शूज घरी आणलेत की लगेच क्लीट ठोकू नका. एकदा क्लीटचे ओरखडे सोलवर उमटले की कुणी परत घेत नाही. दोन-तीन दिवस घरातच घाला, सोसायटीचे चार मजले चढ-उतर करा, फोड येतोय का बघा. मगच अ‍ॅलन की काढा.