युरोपीय असल्याचा वेगळा दाखला नसतो

नमस्कार भाऊ,

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. तुम्ही मूळचे भुसावळचे, सध्या पुण्यात नोकरीला आहात. जर्मनीतल्या आखेनमधल्या एका कंपनीने तुम्हाला ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या कामाच्या आणि वास्तव्याच्या परवान्यावर, बोलावले आहे, आणि सीमेपलीकडे हॉलंडात (नेदरलँड्समध्ये), आइंडहोवनच्या बाजूला, पत्नीसाठी नोकरी पाहण्याचा तुमचा विचार आहे, कारण 'शेवटी सगळे युरोपच'. त्याच ओघात तुम्ही मूळ प्रश्न विचारला आहे : जर्मन व्हायला मन घेत नाही, पण युरोपीय म्हणवून घ्यायला काही हरकत वाटत नाही, तर भारतीयत्व न सोडता नुसते युरोपीय होता येते का, आणि पाच वर्षांची मुलगी उद्या स्वतःला काय म्हणेल? माझे गाव अमळनेर तालुक्यातले, आणि आखेनमध्ये राहून आता दशक उलटून गेले आहे, म्हणून जे रोज पाहतो त्याच्या आधारे लिहितो.

नुसते युरोपीय होता येत नाही. युरोपीय नागरिकत्व 1992 साली सही झालेल्या मास्ट्रिख्ट कराराने निर्माण झाले आणि 1 नोव्हेंबर 1993 पासून अमलात आले. परंतु ते युरोपीय संघातल्या सदस्य देशाच्या नागरिकत्वाला जोडून येते, त्याची जागा घेत नाही, असे करारातच नमूद आहे. ते देणारी कचेरी ब्रुसेल्समध्ये नाही. सत्तावीसपैकी एखाद्या देशाने तुम्हाला आपले म्हटले की त्याच क्षणी तुम्ही युरोपीय संघाचेही नागरिक होता, आणि त्या देशाने हात सोडला किंवा तो देशच संघाबाहेर पडला की ते नागरिकत्वही जाते. ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी बाहेर पडल्यावर फ्रान्समध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या ब्रिटिश माणसांचे हेच झाले. त्यांच्यापैकी एका बाईंनी स्थानिक मतदानाचा हक्क परत मागितला, तेव्हा 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ राष्ट्रीयत्वाचा आधार गेल्यावर युरोपीय नागरिकत्व स्वतंत्रपणे उरत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन उमगत नाही, कारण आपली रचना नेमकी उलटी आहे. नवापूरचे रेल्वे स्टेशन तुम्हाला ठाऊक असेलच. 1960 साली द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत गेला. तिथून गाडीत बसून नंदुरबारचा माणूस उधन्याला उतरतो, खोली घेतो, कामाला लागतो, काही काळाने मतदार यादीत नाव घालतो, आणि त्यासाठी त्याला कुणाचा परवाना लागत नाही. खानदेशातून गेलेली केवढी माणसे सुरतेत आहेत हे सांगायला नको. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील गुजरातेत भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. आपल्याकडे नागरिकत्व एकच, आणि ते भारताचे. महाराष्ट्रीय असणे, खानदेशी असणे, अहिराणी किंवा तावडी बोलणे हे सगळे मनात आणि घरात असते, त्याचा पासपोर्ट नसतो. युरोपात मात्र कागद सदस्य देशाकडून मिळतो आणि संघ त्याच्या पाठीवर बसून येतो. म्हणून भारताचा अनुभव मनात धरून युरोपात आलेला माणूस हटकून फसतो : सीमेवर फाटक दिसत नाही म्हणजे सीमाच नाही, असे तो समजून चालतो.

माझ्या घरापासून हॉलंडमधले फाल्स हे गाव सायकलच्या अंतरावर आहे. तिथे मी भाजी आणतो, चहा पितो, कुणी काही विचारत नाही. पण फाल्समधल्या त्याच दुकानाने मला उद्या गल्ल्यावर बसवायचे ठरवले, तर माझ्या जर्मन कायम वास्तव्याच्या परवान्याचा तिथे काही उपयोग नाही. डच सरकारची वेगळी परवानगी हवी. माझ्या पत्नीने काही वर्षांपूर्वी जर्मन नागरिकत्व घेतले, ती मात्र उद्या सकाळी तिथे कामाला लागू शकते. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांत हा फरक आहे. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या राज्यात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. आमच्या जिन्यातल्या पोर्तुगीज बिऱ्हाडाला येऊन वर्षही झाले नव्हते, तरी त्यांच्या टपालपेटीत मतदानाचे पत्र आले, कारण युरोपीय संघाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशातही स्थानिक निवडणुकीत मत देतो. मी इतकी वर्षे इथे कर भरतो, पण मला ते पत्र येत नाही. (अमळनेरच्या मतदार यादीत अनिवासी म्हणून नाव ठेवता येते, परंतु मत द्यायला प्रत्यक्ष जावे लागते.) याबद्दल माझी तक्रार नाही, पासपोर्ट न बदलण्याचा निर्णय माझा आहे. पण तुम्हाला जे 'नुसते युरोपीय' वाटते, त्याची किंमत प्रत्यक्षात कुठे कुठे मोजावी लागते ते दिसावे म्हणून सांगितले.

आता भावनेचा भाग. युरोपीयपणाची खूण म्हणून जे काही तयार केले गेले, ते मुद्दाम कुणाचेच नसलेले आहे. युरोच्या नोटा 1 जानेवारी 2002 पासून चालू झाल्या. त्यांवर दारे, खिडक्या आणि पूल आहेत, पण ते पूल त्या वेळी कुठल्याच नदीवर नव्हते, कारण एखाद्या देशाचा खरा पूल छापला असता तर बाकीच्यांनी तोंडे वाकडी केली असती. नाण्यांना मात्र एक बाजू देशाची ठेवली आहे. संघाचे गीत बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतले आहे, आणि ते अधिकृतरीत्या शब्दांवाचून वाजवतात, कारण चोवीस अधिकृत भाषांपैकी कुठल्या भाषेत म्हणायचे? या खुणा निदान संघाच्या संविधानात याव्यात म्हणून झालेला प्रयत्न 2005 साली फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी सार्वमतात हाणून पाडला, आणि पुढच्या लिस्बन करारातून ध्वज आणि गीत यांची कलमे गाळली गेली. माझ्या मते ही फिकट ओळखच युरोपच्या पथ्यावर पडली आहे. ठळक केली असती तर भांडणे लागली असती. पण परक्या माणसाला धरून राहायला त्या ओळखीत फारसे काही सापडत नाही, हेही तितकेच खरे.

शिवाय युरोपीय म्हणवून घेण्याचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा आहे. इथे, जर्मनीत, युद्धानंतरच्या पिढीला जर्मन म्हणवून घेणे जड जात होते. 1949 च्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मन संविधानाच्या, प्रस्तावनेतच संयुक्त युरोपचा एक समान भागीदार म्हणून शांततेची सेवा करण्याची भाषा आहे. त्यामुळे जर्मन माणूस सहज 'मी युरोपीय' म्हणतो, आणि त्यात थोडी सुटकाही असते. पोलिश सहकाऱ्याला हे पटत नाही. त्याचा देश 1795 ते 1918 नकाशावर नव्हता. त्याला देश आधी हवा आणि युरोप त्या देशाच्या रक्षणासाठी. युरोपीय संघाच्या जनमत चाचण्यांत 'फक्त आपल्या देशाचा', 'आधी देशाचा, मग युरोपीय', 'आधी युरोपीय' आणि 'फक्त युरोपीय' असे पर्याय वर्षानुवर्षे दिले जात आले आहेत. शेवटच्या पर्यायाला हात वर करणारे कायम मूठभर असतात. म्हणजे इथे जन्मलेल्यांनाही जे साधत नाही, त्याच्यापासून तुम्ही सुरुवात करू पाहत आहात.

तुमच्या पत्रातले 'मन घेत नाही' मला कळते. पत्नीच्या नागरिकत्वाच्या वेळी घटनात्मक व्यवस्थेशी निष्ठा लिहून द्यावी लागली; जून 2024 च्या नव्या कायद्याने तर नाझी राजवटीच्या अन्यायाबद्दलची विशेष ऐतिहासिक जबाबदारी मान्य असल्याचेही लिहून द्यावे लागते. आपल्या आजोबांचा त्या युद्धाशी संबंध काय, असा प्रश्न मनात येतोच. मला ती अट योग्य वाटते. घर घेताना त्याच्यावरचा बोजाही घ्यावा लागतो. युरोपीय म्हटल्याने तो बोजा टळतो असे वाटणे ही आपल्यासारख्यांची पळवाट आहे, आणि इथल्या लोकांना ती लगेच ओळखू येते.

पासपोर्टचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. याच कायद्याने जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. हे ऐकून पुष्कळ मराठी मंडळी हरखली. परंतु आपल्या संविधानाच्या नवव्या कलमानुसार आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. जर्मनीच्या मोकळिकीने त्यात फरक पडत नाही. त्यानंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचे) मिळते, त्यावर आयुष्यभर व्हिसाविना ये-जा करता येते, पण मत नाही. तुमच्या वडिलांच्या केळीच्या शेताबद्दल तुम्ही विचारले आहे : शेतजमीन विकत घेण्याची बंदी अनिवासी भारतीयालाही आहे आणि ओसीआयधारकालाही, त्यामुळे तो मुद्दा पासपोर्टला जोडू नका, वारशाने आलेली जमीन दोघांनाही ठेवता येते.

मुलीबद्दल फार आडाखे बांधू नका. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना कुठली म्हणून विचारले तर पहिले उत्तर बहुधा 'आखेनची' असे येते. जर्मन, भारतीय, युरोपीय हे सगळे कोण विचारतो आहे आणि कशासाठी, त्यावर पुढे ठरते. शहराचे नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी भुवई उंचावत नाही. ती घरात आजीशी फोनवर तावडीत बोलेल, शाळेत जर्मन, आणि सहलीला फाल्सला गेल्यावर तिथल्या म्हातारीची बोली तिला अर्धीअधिक कळेल, कारण आखेनची जुनी बोली आणि सीमेपलीकडची बोली एकमेकींच्या बहिणी आहेत. तिला यात काही अवघड वाटणार नाही. अवघड आपल्याला वाटते.

राहिला तुमच्या पत्नीच्या नोकरीचा प्रश्न, आणि खरे तर आज निर्णय हवा तो याच गोष्टीचा. ब्लू कार्डधारकाची पत्नी म्हणून त्यांना जर्मनीत कुठेही काम करता येईल, आइंडहोवनला येणार नाही. तिथल्या मालकाने डच परवाना काढून दिला तरच जमेल. म्हणून आखेनची कंपनी आणि आइंडहोवनची आशा असे दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका. दोघांनी बसून एक देश ठरवा. जर्मनी ठरला तर त्यांनी पुण्यातच जर्मनचा वर्ग आत्तापासून लावावा, कारण नागरिकत्वाला जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मध्यम, पातळी लागते आणि नोकरीला प्रत्यक्षात तेवढी तरी लागतेच. हॉलंडच ओढत असेल तर तुमचीच ऑफर तिकडची शोधा. दोन-तीन वर्षांनी देश बदलू असे म्हणाल, तर नागरिकत्वासाठीची वर्षे प्रत्येक देश आपल्याच भूमीवरची धरतो, आणि जर्मनीत काढलेला काळ डच कचेरीत त्या हिशेबात धरला जाणार नाही.