किकही तीच, गिअरही तोच

प्रश्न : परवा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गेलो होतो. मोटारी बघून झाल्या आणि शेवटच्या ओळीत मरून रंगाची जावा २५० मोटरसायकल दिसली. वडिलांकडे अशीच होती. मी नववीत असताना त्यांनी ती विकली. मालकाने किक मारली, धूर नाकात गेला आणि मला तोंड फिरवून उभं राहावं लागलं. तेव्हापासून तशीच एक घ्यायचं डोक्यात आहे. बायको विचारते, "चालवणार की नुसती पुसत बसणार?" काय सांगू?

उत्तर : वहिनींनी नेमकं बोट ठेवलंय. पण आधी त्या धुराचं सांगतो. जावाचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत ओतायचं, आणि पेट्रोलबरोबर तेही जळायचं. निळसर धूर आणि तो वास त्या ऑइलचा. आताच्या फोर-स्ट्रोक गाडीला तसा वास आला तर इंजिनाचं काम निघालं समजा. म्हणून इतकी वर्षं तो तुम्हाला कुठे भेटला नाही, आणि भेटला तो वडिलांना सोबत घेऊनच.

माझा जन्म कार्बोरेटर साफ करण्यात गेला. उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी उस्तादांनी जावा पुढ्यात लावली आणि म्हणाले, चालू कर. मी किक शोधतोय, किक सापडेना! गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, हे मला कोण सांगणार? शिवाय सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. दुसरा कशाला, हे विचारायचंही धाडस झालं नाही.

आता खरेदीचं. प्रदर्शनात चकाकते तशी घेऊ नका. एवढं क्रोम तुमच्या वडिलांच्या गाडीवर कधी चमकलं नसेल, आणि ताज्या रंगाखाली पुट्टी किती हे देवालाच ठाऊक. खरचटलेली, मूळ रंगाची बघा. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आत झटापट करून ती चालू केली आहे. गार होईपर्यंत बसून राहा, मग टिकलर (कार्बोरेटरवरचं, त्यात जास्तीचं पेट्रोल सोडणारं छोटं बटण) दाबून स्वतः किक मारा. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. इंजिन आणि चॅसिसचे नंबर कागदांशी स्वतः ताडा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा नळ्या आणि वॉशर सरळ नवे घाला.

आणि गाडी बघायला वहिनींना न्या. घासाघीस त्याच करतील.

प्रश्न : आजोबा सांगायचे, जुनी मोटार चालू करायला पुढून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. का?

उत्तर : ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टन मागे फेकला जातो आणि हँडल उलटं फिरतं. अंगठा पलीकडून वळवलेला असला तर तो मोडतो, कधी मनगटही. म्हणून आधी ठिणगी उशिरावर घ्यायची, म्हणजे ती जरा उशिरा पडेल असं करायचं. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) मध्ये त्यासाठी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला दांडी होती. १९१२ च्या कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर आणला, तरी हँडल पुढे कित्येक वर्षं डिकीत असायचंच. आणि ते खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. हे आजोबांनी सांगितलं नव्हतं का?